साफ केलेला खडखडाट

"बाबा, माझ्या फाइलला हात का लावलात?"

"साफ केली फक्त. मागे केवढा खडखडाट होता."

"तो खडखडाटच तर बँड आहे, यार."

दिल्लीत, द्वारकेच्या फ्लॅटमध्ये सकाळचा चहा तसाच निवत होता. संपदाच्या बाबांनी, नरसिंहांनी, एकतीस वर्षं सरकारी रेडिओत ध्वनिमुद्रण केलं. पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न, वक्त्यांचा खोकला, सगळं पुसायचं. घरीही तेच. संपदा लहानपणी हसली तरी "श्श, टेप चालू आहे."

ती संपदा आता सव्वीस वर्षांची. आठवडाभर गुडगावच्या ऑफिसात गोड बोलायची आणि रविवारी मेटल बँडमध्ये गुरगुरायची. पानिपतच्या एका शेडमध्ये, चालू यंत्रमागाशेजारी उभं राहून तिने गाणं रेकॉर्ड केलं होतं. धाड-खट, धाड-खट. माग जुना, दर पाचवा ठोका लंगडत उशिरा पडायचा. फाइलमध्ये तिचा आवाज आणि माग, एवढंच. त्या लंगडण्यावर बँडमधल्या आर्यनने ड्रम बसवले, गिटारचा सूर इतका खाली उतरवला की बरगड्या थरथराव्यात. ऐकणारा आधी दचकायचा, मग त्याची मान आपोआप हलायला लागायची. शनिवारच्या शोची सुरुवात याच गाण्याने होती.

"मूळ कॉपी असेल ना तुझ्याकडे?"

"लॅपटॉप बिघडला म्हणून तुमच्या ड्राइव्हवर ठेवली होती. तुम्ही त्यावरच सेव्ह केलंत."

"चलो, परत जाऊ पानिपतला. चांगला माइक घेतो मी."

"तो माग बुधवारी भंगारात गेला. तोडला."

नरसिंह म्हणाले, "ऐक तरी. आता शब्द न् शब्द कळतो." त्यांनी बटण दाबलं.

संपदाचा एकटा आवाज खोलीभर फिरला. रिकाम्या बाथरूममध्ये कुणी भांडत असावं तसा.

"कळतंय?" ती म्हणाली. "कुणावर ओरडतेय मी? समोर कोणीच नाही. तुम्ही मला पुन्हा बंद खोलीत नेऊन ठेवलंत, बाबा. मी बाहेर पडले होते."

गाणं चालूच होतं. तिच्या आवाजाच्या लयीवर नरसिंहांचं बोट टेबलावर पडायला लागलं. चार ठोके, मग जरा थांबून पाचवा. बोट तिथेच थबकलं.

"तो उशिराचा ठोका... मला बिघाड वाटला. सगळ्यात आधी तोच काढला मी."

संपदाने बूट चढवले, माइकची पिशवी खांद्याला अडकवली.

"शनिवारी मी येऊ का ऐकायला?"

तिने दार उघडलं आणि जिना उतरायला लागली.