राहिलेमामा आणि मोरपिसाची काडी

दर रविवारी न चुकता मासे धरायला जाणारा आणि गळाला हातही न लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आम्ही भिलईला राहायला आलो तेव्हा छत्तीसगढ राज्य नवंनवं होतं आणि मी चाळिशीची होते, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याच्या वयाची. तो माणूस म्हणजे मामा, मूळचे भंडाऱ्याकडचे, स्टील प्लांटमधून क्रेन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. सगळी वस्ती त्यांना नुसतं मामा म्हणायची. राहिलेमामा हे नाव मी ठेवलं, ते फक्त आमच्या घरात चालायचं. कारण त्यांची सगळी क्रियापदं राहायची. चहा पिऊन राहिलो, पेपर वाचून राहिलो, मामी रागावून राहिली.

मी पुण्याची, त्यात काही वर्षं शाळेत मराठी शिकवलेली. म्हणजे कडू कारलं, वर तुपात तळलेलं. पहिल्याच भेटीत मी त्यांना सांगितलं, "मामा, 'जाऊन राहिलो' नाही, 'जातो आहे' म्हणावं."

मामांनी गंभीरपणे मान डोलावली. "बरोबर हाये तुमचं, वहिनी. मी ध्यानात ठेवून राहिलो."

आपली थट्टा झाली हे मला घरी पोचल्यावर, भाकरी थापताना कळलं.

रविवारची टोळी तिघांची: मामा, त्यांचे जुने मित्र साहूजी आणि आमचे हे. उतईच्या पुढे एका तलावात साहूजींच्या साडूंनी रोहू-कतला पाळले होते, तिथं यांना मुभा होती. मी पहिल्यांदा गेले ती मासे धरायला नव्हे. मासे धरायला जातो म्हणून पुरुष नक्की जातात कुठे, हे बघायला गेले. गेले आणि अडकले. मामांनी स्वतःची गरी, म्हणजे गळाची काठी, माझ्या हातात दिली. "पुनेवाल्या वहिनी, तुमी धरा. नवा मानूस आला का मले लय बरं वाटते."

आमिषाची कणीक मात्र ते स्वतः मळत. मामीच्या डब्यातून चोरलेली कणीक, शेंगदाण्याच्या पेंडीचा भुगा आणि चिमूटभर हिंग. मळता मळता मध्येच कानाची पाळी चाचपून बघायचे. "कानाच्या पाळीवानी नरम पाहिजे. कडक झाली तं रोहू तोंड फिरवते, पातळ झाली तं पान्यात इरघळते." माझ्या पोळ्या तोवर चिवट होत असत. आमच्या यांनी संसारात कधी त्याबद्दल तक्रार केली नव्हती, पण त्या दिवशी माझ्या कानाकडे फार अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. तेव्हापासून मीही पाळी चाचपते. पोळ्या सुधारल्या.

दोरीला मोरपिसाच्या देठाची काडी बांधलेली असे. ती पाण्यावर उभी राहायची आणि तिच्यावरून माशाचे मनसुबे ओळखायचे. मामांचा नियम एकच: नवशिक्यानं काडी काय करते ते मोठ्यानं सांगत राहायचं. ते बाजूला बसून विचारत, "काय करून राहिला?" उत्तरं तीन. काडी जरा थरथरली तर मासा हुंगून राहिला. टुकटुक वरखाली झाली तर खाऊन राहिला. आणि तिरपी होऊन सरकली की घेऊन चालला. तेव्हाच गरी उचलायची.

आता माझी हुशारी ऐका. काडी टुकटुकायला लागली. मामा म्हणाले, "खाऊन राहिला, खाऊन राहिला." मी मनात व्याकरण सोडवलं: खाऊन, म्हणजे खाणं संपलं, राहिला, म्हणजे जेवून तिथंच मुक्कामाला थांबला. मग काय, मारला झटका. गळ मोकळाच वर आला आणि आमच्या यांच्या टोपीत अडकला. हे एकदा नाही, सकाळभर चाललं.

शेवटी मामांनी विचारलं, "वहिनी, त्याच्या तोंडातला घास काहून हिसकून राहिल्या?"

मी माझा अर्थ सांगितला. साहूजी हसता हसता बांधावर आडवे झाले. मामा हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या पुन्यात जेवून झाल्यावर राहात असतीन. आमच्याइकडे जेवतानीच राहाते."

पुढच्या रविवारी पहिला रोहू लागला आणि माझी शाळा सुटली ती सुटलीच. पण एक प्रश्न डोक्यात टुकटुकत राहिला. हा माणूस स्वतः गरी का धरत नाही? नवस म्हणावा, तर माशाचं डोकं मिटक्या मारत खातो. शेवटी मी मामीलाच विचारलं.

"धरत नाही?" मामीनं भाजी चिरायची थांबवली. "हे घरी तं सांगते, सारे मासे मीच धरले म्हनून. मागं पाय घसरून पडले होते तलावात. मी सांगून ठेवलं, दिसत नसंल तं तलाव बंद. म्हन्ते, माही नजर घारीची हाये. मासे आनते ना, मंग मी का बोलू?"

शंका घेऊन मी घरी आले. गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून पुढच्या रविवारी काडी केली. दोरी पाण्यात टाकलीच नाही. मोरपीस मांडीवर ठेवलं आणि सुरू केलं, "मामा, हुंगून राहिला. आता खाऊन राहिला..."

मामा पुढे वाकले. चेहरा असा की सगळा तलाव त्यात उतरलेला. "खाऊ द्या. खाऊ द्या. आता?"

"घेऊन चालला."

"उचला, वहिनी," ते अर्धे उठले. काडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, माझ्या मांडीवर होती. मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

मामांना कळलं. खाली बसले, कणकेचा गोळा हातात फिरवत राहिले. "काचबिंदू हाये. मानसं दिसते, रस्ता दिसते. काडी नाही दिसत. डॉक्टर म्हन्ला, गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळा." मग म्हणाले, "जानकार मानूस गुपचूप बसते, वहिनी. नवा मानूस सारं बोलून सांगते. मंग मले दिसते. मामीले सांगू नोका. रविवार जाईन माझा."

परतताना साहूजी हळूच म्हणाले, "भाभी, हमको तो कब से मालूम है. बस उसको मत बताना कि हमको मालूम है."

त्या दिवसापासून मी तलावाकडे डोळे लावून वर्णन करू लागले. पाण्यावर ऊन कसं पसरलंय, खंड्या कुठल्या फांदीवर बसलाय. मामा वैतागत. "निबंध नोका सांगू. काडी सांगा."

बिंग मासे फोडतील असं वाटलं होतं, ते लुगड्यानं फोडलं. मामीनं नवं लुगडं नेसून विचारलं, कसं दिसते? मामा म्हणाले, "हिरवा रंग शोभून राहिला तुले." लुगडं जांभळं होतं. पण मामीला संशय रंगावरून आला नाही. या माणसानं जन्मात कधी लुगड्याची तारीफ केली नव्हती, त्यावरून आला. तलाव बंद झाला. महिन्याभरात मुलगा दोघांना नागपूरला घेऊन गेला.

गाडीत बसताना मामांनी मोरपिसाची काडी माझ्या हातात दिली. "वहिनी, जाऊन राहिलो." या वेळी मी दुरुस्ती केली नाही.

रविवार मात्र गेला नाही. तलावावर पोचलो की फोन वाजायचा. "काय करून राहिला?" मी फोन कानाशी धरून काडी सांगायची, तिकडून "खाऊ द्या, खाऊ द्या" यायचं. पलीकडे मामी ओरडायची, "चहा थंडा होऊन राहिला." एका रविवारी फोन वाजला नाही. संध्याकाळी साहूजी दारात येऊन नुसते उभे राहिले.

जाऊन राहिले. माझ्या व्याकरणानं याचा अर्थ, गेले आणि तिकडेच राहिले. मामांच्या बोलीत अर्थ निराळा: अजून वाटेतच आहेत, पोचलेले नाहीत. मी त्यांचा अर्थ धरते.

आता तलावावर नवशिक्यांना मी शिकवते. माझे डोळे ठणठणीत आहेत, तरी सगळ्यांना मोठ्यानं बोलायला लावते. परवा शेजारची नवी सून आली होती, पुण्याचीच. काडी थरथरली तशी मी विचारलं, "काय करून राहिला?"

ती अदबीनं म्हणाली, "आजी, 'काय करतोय' म्हणायचं असतं."

मी गंभीरपणे मान डोलावली. "बरोबर हाये तुझं, बाई. मी ध्यानात ठेवून राहिली."