फोनच्या मागच्या बाजूला

व्हिडिओ कॉल चालू होता आणि माझा नवरा फोनच्या मागच्या बाजूला उभा होता. आमची लेक परदेशातून तिचं नवं बाळ दाखवत होती. बाळानं मोठी जांभई दिली. मी हसले. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या त्याच्या आजोबाला ती जांभई दिसली नाही.

व्हिडिओ कॉलचं हे अ‍ॅप आमच्यात सगळे वापरतात, तो सोडून. आपलं बोलणं कुठल्या कंपनीच्या हाती द्यायचं नाही, खुलं सॉफ्टवेअरच वापरायचं, हे त्याचं व्रत. त्याच्या या ताठपणाचं मला कौतुकही होतं. पण एकानं धरलेल्या व्रताचा उपास घरातल्या सगळ्यांना घडतो, हे मला हळूहळू कळत गेलं.

"बाबा आहेत का तिथे?" लेकीनं विचारलं.

"आहे ना, इथेच आहे," म्हणत मी फोन वळवायला गेले.

"नको आई, वळवू नकोस. त्यांच्यासाठी मी त्यांचं ते खुलं अ‍ॅप वर्षभर वापरलं. आता एवढं तरी त्यांनी आपणहून यावं."

त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. बाळ रडायला लागलं तशी त्याची मान पुढे झाली आणि तिथेच थांबली. लेकीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग कॉल बंद केला.

"कुणासारखा दिसतो गं?" त्यानं हळूच विचारलं.

अगदी तुझ्यासारखा, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते त्याला सांगितलं नाही.