निळंशार

त्या चित्राची मला अजून शिसारी येते. चित्र मीच काढलं होतं, हे आधीच सांगून टाकते.

लोणी काळभोरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी पीएचडी करत होते. मधुमेह्यांच्या सीटी स्कॅनवरून महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या त्या मोठ्या नळीचा, आकार घ्यायचा आणि तिच्यातून रक्त कसं वाहतं ते कॉम्प्युटरवर काढायचं. स्कॅन कोणी देईना. शेवटी मामाला गळ घातली. मामा शनिवार पेठेतला, निवृत्त शिक्षक, साखर वर्षानुवर्षांची. "घरात माझं कोणी ऐकत नाही, निदान माझ्या रक्ताचं तरी ऐका," म्हणाला आणि सीडी हातात ठेवली.

आमच्या चित्रात रक्त नळीच्या भिंतीला जोरात घासून जातं तिथे लाल आणि रेंगाळतं तिथे निळं. मेख अशी, की मला काळजी निळ्याची होती. मोरीच्या पाइपात पाणी रेंगाळलं की गाळ धरतो, तसंच हे. मामाची नळी छातीत जिथे वळते, तिथे आतल्या बाजूला चांगला मोठा निळा डाग होता, आणि लाल जवळजवळ कुठेच नव्हतं.

कॉलेजच्या प्रदर्शनाला माझ्या गाइड सरांनी मामालाच बोलावलं. पाहुण्यांपुढे जिवंत पेशंट उभा करायचा होता, हौसेला मोल नाही! बिचारा कडक इस्त्रीचा शर्ट घालून स्वारगेटहून बसने आला. चित्रापुढे उभा राहिला आणि खूश झाला.

"अरे वा! लाल कुठे दिसतच नाही. सगळं निळंशार. म्हणजे आपण फर्स्टक्लास!"

मी तोंड उघडलं, तर सरांनी डोळे वटारले. मग मोठ्याने म्हणाले, "अगदी बरोबर, काका!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. शी!

नंतर सरांना विचारलं, तर म्हणतात कसे, "अगं, आपण काय डॉक्टर आहोत का?" पोस्टरवर मात्र 'रुग्णांच्या सेवेत' असं ठळक अक्षरांत छापलं होतं. त्या माणसाचा मला मनस्वी वीट आला, आणि तरी दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी त्याच्याच लॅबमध्ये हजर होते.

महिन्याभराने मामीचा फोन आला. डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी मामाने रद्द केली होती. गोळ्या आठवण झाली तर. जेवणात रोज श्रीखंड. "भाचीच्या कॉम्प्युटरने पास केलंय म्हणतात. तूच सांग गं, खरंच एवढं चांगलं आहे का सगळं?"

त्याच दुपारी गेले. मामा जेवायला बसला होता, पुढ्यात श्रीखंडाची वाटी. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्याने प्रदर्शनात मोबाइलवर टिपलेलं ते चित्र उघडलं, चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे निळं वाईट?"

"हो."

"हे तुला त्या दिवशीच माहीत होतं?"

"हो, मामा."

त्याने वाटी दूर सरकवली. मामीला म्हणाला, "अगं, डॉक्टरांची वेळ घे."

"मी येते बरोबर," मी म्हटलं.

"नको," मामा म्हणाला. "तिथे टाळ्या वाजवायला कोणी लागत नाही."