उष्म्यावरच्या परिषदेतली शाल

सत्काराची शाल कुणी अंगावर ठेवत नाही. खांद्यावर पडली की लगेच घडी घालून बाजूला. पण त्या दिवशी, ऐन मे महिन्यात, एका धोरण-संशोधन संस्थेच्या सभागृहात आम्ही सगळे वक्ते शाली गुंडाळून बसलो होतो. विषय होता जगाची वाढती उष्णता. एसी इतका जोरात होता की बोलणाऱ्याचे दात वाजत होते.

मी संचालकांना म्हटलं, "सर, एसी जरा कमी करता येईल का?"

"अहो, म्हणून तर शाली दिल्यात!" ते हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांची सगळी अक्कल अशीच चालते. मूळ दुखणं तसंच ठेवायचं, वरून काहीतरी पांघरायचं आणि त्याला धोरण म्हणायचं!

मी तणतणत बाहेर आले. कुंपणाला लागूनच बसथांबा होता आणि सभागृहाच्या एसीची यंत्रं थेट तिथंच गरम वारा ओकत होती. पदरानं तोंड झाकून उभी असलेली एक बाई म्हणाली, "ताई, इकडं सरका. तिथं लय झळ लागते."

मी सरकले. तेव्हा कळलं, शाल अजून माझ्याही अंगावर होती.