हद्दीपलीकडचं लग्न

चौदा वर्षं पुरी होईपर्यंत मुलीचं लग्न करायचं नाही, असा सरकारचा कायदा आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. मी बारा वर्षांची होते आणि मला शाळा सोडायची नव्हती. वडील रत्नागिरीत वकील. ओसरीवर येईल त्याला ते कायदा समजावून सांगत आणि मी दाराआडून ऐकत असे. माझा त्या कायद्यावर भरवसा होता, आणि त्याहून जास्त वडिलांवर.

वैशाखात आई म्हणाली, "मावशीकडे जाऊया गो, आंबे खायला." रत्नागिरी सोडून दुसरीकडे आंबे खायला जायचं, यातच काहीतरी काळंबेरं होतं, पण माझी अक्कल तेव्हा शेण खायला गेली होती. शिवाय आईने माझी शाळेची पुस्तकं स्वतःच्या हाताने ट्रंकेत ठेवली होती. मांडवीहून पडावातून आगबोटीवर चढलो, पुढच्या एका बंदरावर उतरून बैलगाडी केली. वाटेत नाका लागला, तो ओलांडल्यावर वडिलांनी घाम पुसला.

"सुटलो," ते आईला म्हणाले. "इथून संस्थानची हद्द. सरकारचा कायदा महाराजांनी मानलेला नाही."

"कुठला कायदा?" मी विचारलं. आईने तोंड फिरवलं, तेव्हा मला कळलं.

मावशीच्या दारात मांडव उभा होता. आईने ट्रंकेतली पुस्तकं बाजूला केली आणि त्यांच्याखालून लग्नाचं लुगडं काढलं. परक्याने फसवलं असतं तर निदान शिव्या तरी दिल्या असत्या. मी नुसती रडले, आणि मुली रडतातच म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

सासर संगमेश्वरचं, त्यामुळे सगळे एकत्रच परतलो. तोच नाका पुन्हा आला.

"बाबा, सरकारचा कायदा इकडे नाही, तर इकडचं लग्न तिकडे कसं? आता मंगळसूत्र काढू?"

आईने पाठीत धपाटा घातला. "गप गो, अभद्र बोलू नको!"

वडील बैलांकडे बघत म्हणाले, "लग्न सगळीकडे चालतं."

शाळा उघडली तेव्हा मी संगमेश्वरात तांदूळ निवडत होते. नागपंचमीला माहेरी आले, तर ओसरीवर कुणी एक गृहस्थ मुलीच्या लग्नाचं विचारायला आलेले. सवयीने दाराआड उभी राहिले.

"आगबोटीने जा, हद्दीपलीकडे उरकून या," वडील त्यांना सांगत होते. "काही अडचण येत नाही. आमचीच बघा ना."