काचेतल्या सासूबाई

तिला सगळे घाईताई म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. चहाला उकळी फुटायच्या आत ती गाळायला घेई. पण तिच्या धंद्यात हाच गुण कामाला यायचा. अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं ती संगणकावर करी, इतकी हुबेहूब की बघणाऱ्यानं फोटोच म्हणावा. आणि आर्किटेक्ट मंडळींना अशा चित्राची आठवण होते ती नेमकी गळ्याशी आल्यावर.

नोकरी सोडून तिनं घरीच, जेवणाच्या टेबलावर, स्वतःचं काम थाटलं होतं. समोर बसून सासूबाई भाजी निवडत आणि विचारत, "या चित्रातल्या घरांत राहायला कोण येणार गं? भुतं?"

त्या सकाळी एका आर्किटेक्टचा फोन आला. "ताई, वाचनालयाचं चित्र आज चारला समितीपुढे ठेवायचंय. दुसऱ्या आर्किटेक्टचं चित्र आधीच पोचलंय. जमेल?"

"जमेल!" ती म्हणाली आणि मग तिनं घड्याळाकडे पाहिलं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच दारात आलं होतं. हे हुकलं तर जुन्या साहेबासमोर पुन्हा हात जोडणं आलं.

पण हात कामाला लागले आणि भीती कुठल्या कुठे पळाली. तिचा नियम साधा होता: चित्र जिथून पाहायचं, त्या संगणकातल्या कॅमेऱ्याला जे दिसत नाही, ते करायचंच नाही. वरचा मजला उडाला, जिना उडाला, कॅमेऱ्यामागचा अर्धा हॉल उडाला. खुर्ची एकच केली, बाकीच्या तिच्या नकला. आधी तिकिटाएवढी नमुन्याची चित्रं काढून उजेड जमवला. जेवणवेळेपर्यंत वाचनालय असं उभं राहिलं की ती खुर्चीतच नाचायला लागली.

तेवढ्यात तिचं लक्ष चित्रातल्या समोरच्या मोठ्या काचेकडे गेलं. काच काळीठिक्कर! बरोबरच होतं म्हणा. काचेत समोरचं उमटतं, आणि कॅमेऱ्यामागे तर हिनं काही ठेवलंच नव्हतं. अर्धा हॉल पुन्हा उभारायला वेळ कुठला?

तिनं मान वर केली. सासूबाई खिडकीपाशी मटार सोलत होत्या, खांद्यावर छान ऊन पडलं होतं.

"आई, हलू नका!"

"का? पाल आहे?"

तिनं मोबाइलवर फोटो काढला आणि तो फलकासारखा संगणकातल्या कॅमेऱ्यामागे उभा केला. काच जिवंत झाली! आत खिडकी, ऊन, कुणीतरी निवांत बसलेलं. चित्र तयार होऊ लागलं, पडद्यावरची पट्टी पुढे सरकेना, पंखा घरघरतोय, आणि घाईताई संगणकाला "चल रे बाबा, चल" म्हणून चुचकारतेय. चाराच्या ठोक्याला चित्र गेलं.

संध्याकाळी पुन्हा त्याच आर्किटेक्टचा फोन. "ताई, काम आपल्याला मिळालं!"

तिनं आनंदानं किंकाळीच फोडली.

"पण थांबा, एक घोळ झालाय. काचेत त्या बाई कोण बसल्यात? अध्यक्षबाई म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसांना खिडकीशी बसायला जागा ठेवावी, हे तुम्हालाच सुचलं. मी मान डोलावून मोकळा झालो. आता नकाशात तिथे काय दाखवू?"

"विचारून सांगते," म्हणत तिनं फोन हातातच ठेवला आणि चित्र सासूबाईंपुढे धरलं.

सासूबाईंनी चष्मा लावला. चित्र डोळ्यांजवळ नेलं.

"मी एवढी म्हातारी दिसते?" मग म्हणाल्या, "बाक दाखवायला सांग त्याला. पाठ टेकता आली पाहिजे. आणि बाजूला एक खुंटी, पिशवी अडकवायला. मी रोज जाणार आहे."