इलीची आत्या

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. माझी ही फजिती ऐकताना आमच्या अख्ख्या शाळेला लागलाय!

मी बीडला शाळेत मराठी शिकवते. नावांचे अर्थ सांगायचा मला भारी नाद. एका वर्गात दोन समीर होते. एकाला सांगितलं, तुझं नाव संस्कृत, अर्थ वारा. दुसऱ्याला सांगितलं, तुझं अरबी, अर्थ गप्पांचा सोबती. माझ्या तासाला दोघंही गप्पाच मारायचे, ते सोडा! पण तेव्हापासून कुणाकडे पाळणा हलला की फोन मलाच. डोक्यात हवा जाणार नाही तर काय?

अशात वडवणीला माझ्या धाकट्या भावाला, रमेशला, मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा. म्हणजे साक्षात माझा!

भावजय अश्विनी हळूच म्हणाली, "ताई, गोदावरी ठेवायचं का? माझ्या आजीचं नाव हाय."

"अगं, गोदावरी काय! जगात कुणाचं नसेल असं शोधलंय मी. तू बघच."

शोधलं होतं मोबाईलवर. 'इली'! कुठल्याशा परदेशी भाषेत म्हणे त्याचा अर्थ तेजस्वी. अश्विनी बाळाचं दुपटं सारखं करू लागली. मला वाटलं, पटलं!

बारशाला घर बायकांनी भरलं. अश्विनीची आई, सरूमावशी, पाळण्याजवळ भिंतीला टेकून बसलेल्या. कानानं जरा कमी. घुगऱ्या खाऊन त्यांना मस्त डुलकी लागलेली.

मी बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. मग मी थाटात जाहीर केलं, "इली!"

"काय? विळी?"

"इडली म्हनल्या वाटतं."

"अहो, इली! म्हणा बरं सगळ्याजणी!" शेवटी मास्तरीणच ना मी! सगळ्या एका सुरात ओरडल्या, "इली! इली!"

सरूमावशी ताडकन उठल्या. "कुठंय? कुठंय?" लुगडं सावरलं, कोपऱ्यातला खराटा उचलला आणि पाळण्याखाली सपासप मारायला सुरुवात!

कुणीतरी किंचाळलं, "साप!" झालं! निम्म्या बायका बाजेवर चढल्या. घुगऱ्यांचं पातेलं उलटलं. रमेश काठी घेऊन धावत आला. "कुठाय साप?"

"साप न्हाई रं, उंदीर! समद्या वरडाय लागल्यात न्हवं, इली इली!"

"मावशी, उंदीर कुठला? इली तुमच्या नातीचं नाव आहे!" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

मावशींनी खराटा खाली टाकला. माझ्याकडं बघितलं, बाळाकडं बघितलं.

"मास्तरीणबाई, आमी कर्नाटकात ऊस तोडाया गेलतो, तवा पाचटाच्या कोपीत, झोपडीत म्हना, उंदीर शिरला की तिथल्या बाया हेच वरडायच्या. इली म्हंजी उंदीर! कावून वो? काय घोडं मारलं माझ्या नातीनं तुमचं?"

मी घसा खाकरला. "तसं नाही मावशी. प्रत्येक भाषेत अर्थ वेगळा असतो. एका परदेशी भाषेत तेजस्वी..."

"त्या भाषेतलं मानूस वडवणीला कवा यायचं? आमची मान्सं दरसाल कर्नाटकात जात्यात!"

मी मोबाईल गुपचूप पर्समध्ये ढकलला.

तेवढ्यात अश्विनीकडं लक्ष गेलं. पदरात तोंड लपवलेलं, खांदे हलतायत. मला वाटलं, रडतेय. हिनं एकच नाव मागितलं होतं, अन मी धड ऐकूनही घेतलं नाही! जवळ जाऊन पदर बाजूला केला, तर बाई हसून हसून लाल झालेली.

"चुकलं गं माझं," म्हणाले, आणि बाळाच्या कानात पुन्हा वाकले. गोदावरी! धपाट्यांची दुसरी फेरी झाली. या वेळी जोरात. सगळ्यात जोराचा मावशींचा.

पोरगी सुटली हो! पण शेजारच्या एका बाईला राहवेना. "घटकाभर का हुईना, पोरगी उंदीर झालती. मग उंदराची आत्या कोन?"

सरूमावशी घुगऱ्या वेचता वेचता म्हणाल्या, "कोन म्हंजी? घूस!"

परवा वडवणीच्या स्टँडवर उतरले. लांबून एक बाई ओरडली, "ओ घूसआत्या!" तिला मी ओळखतही नव्हते. मान ताठ ठेवून सरळ निघून जायचं असं ठरवलंच होतं. पण तोंडातून निघूनच गेलं, "ओऽऽ, आले आले!"